लागली नाही

माझी गाडी जमिनीपासून चार बोटं वर आहे. बोटं माझीच, कारण तिच्याखाली फूटपट्टी उभी धरायला जागा नाही. मी प्रेमदास आडे, हिंगोलीतल्या एका खाजगी शाळेत भूगोल शिकवतो. जगातल्या झाडून सगळ्या शिखरांची उंची मला तोंडपाठ आहे, आणि अब्रू गेली ती चार बोटांच्या उंचीत.

गाडी विलायती, लाल, दोन माणसांची आणि वयाने माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती कुठून आणली, काहून आणली, हे प्रश्न माझ्या बायकोने, शितलने, इतक्या वेळा विचारून झालेत की निदान वाचकांनी तरी ते विचारू नयेत. आणली तेव्हा ती चांगली वीतभर उंच होती. वारंगा फाट्यावरच्या लतीफभाईंनी वर्षभर खपून तिचा पत्रा ठोकला, इंजिन बसवलं, रंग मारला, आणि सगळं नीट झाल्यावर मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. कुठल्याशा मासिकात तसलीच एक गाडी बघून मी त्यांना म्हणालो, जरा खाली घ्या, ऐट आली पाहिजे. लतीफभाई हाडाचे कारागीर. त्यांनी स्प्रिंगा कापल्या. पहिल्याच आठवड्यात सायलेन्सर एका ब्रेकरवर ठेवून मी त्यांच्याकडे परत गेलो, तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला.

"सर, तुमी म्हनले खाली पायजे, मी बराबर खाली केली," ते म्हणाले. "आता जमीनच वर येऊन राहिली, त्याला मी काय करू?"

कापलेली स्प्रिंग पुन्हा लांब होत नाही, हे त्यांनी चहा संपल्यावर सांगितलं.

ह्या गाडीत बसता येत नाही, पडावं लागतं. उतरताना आधी डावा पाय बाहेर काढायचा, मग हात जमिनीला टेकायचा, मग सेवालाल महाराजांचं नाव घेऊन उरलेलं शरीर ओढायचं. हा कार्यक्रम मी रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी सहाशे पोरांसमोर करतो. पहिल्या महिन्यातच नववी 'ब'ने माझं नाव 'सरपटणारे सर' असं ठेवलं. शिक्षक म्हणून मला त्यातला शब्दाचा खेळ आवडला, माणूस म्हणून मी तीन दिवस नीट जेवलो नाही.

शेजारचे सोमेश्वरअप्पा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आहेत, म्हणजे आता सल्ल्यांवर पूर्णवेळ आहेत. त्यांच्या मते गाडीला नजर लागली होती. त्यांनी स्वतः लिंबू-मिरची आणून पुढे बांधली. ती जमिनीला टेकली. शनिवारी बांधलेल्या मिरच्या सोमवारी निम्म्या झाल्या, बुधवारी लिंबू गेलं, आणि पुढच्या शनिवारी अप्पांना नुसता दोरा सापडला. एवढी जबर नजर आपण उभ्या जन्मात पाहिली नाही, असं ते गल्लीभर सांगत फिरले.

मग गाडीचे कागद. ज्या कार्यालयात ते करायचे असतात तिथल्या बाबूंना चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा हवा होता. नंबर गाडीच्या पोटाला, आणि पोटाखाली जाईल असा माणूस त्या कार्यालयात नव्हता. तुम्हीच जा, ते म्हणाले. मी भर उन्हात कागद-पेन्सिल घेऊन उताणा झालो, खांद्यापर्यंत गेलो आणि तिथे अडकलो. पाय बाहेर, डोकं आत, अशा अवस्थेत मला दोन पालकांनी ओळखलं आणि एकाने मुलाच्या सहामाहीच्या गुणांबद्दल विचारलं. ठसा शेवटी लतीफभाईंच्या खड्ड्यावर गाडी उभी करून घेतला. तो नेऊन दिला तर बाबू म्हणाले, अहो, एवढी घाई नव्हती.

पण हे सगळं परवडलं. खरा छळ ब्रेकरचा. आमच्या जिल्ह्यात ब्रेकर घालायला कारण लागत नाही, श्रद्धा लागते. कुणाची शेळी गेली की एक, कुणी निवडून आला की एक, आणि कुणी पडला की त्याच्या माणसांचा एक. माझी गाडी त्यावरून सरळ जात नाही. तिरपी घालावी लागते, आधी एक चाक, मग दुसरं. तेवढ्यात ती सगळा रस्ता अडवते, दोन्हीकडच्या गाड्या थांबतात, आणि थांबलेल्या माणसाला सल्ला सुचतो. टायरात हवा वाढवा सर. उलटी घालून बघा सर. बाईंना खाली उतरवा सर. हा शेवटचा सल्ला दुर्दैवाने खरा निघाला. हिंगोलीहून गोरेगावकडे जाताना शितल एकोणीस वेळा उतरते, ब्रेकर पायी ओलांडते आणि पुन्हा गाडीत पडते. नुसती चालत आले असते तर साडी तरी नीट राहिली असती, असं ती एकदा म्हणाली. तिचं चूक नव्हतं.

गाडीचं पोट खाली घासलं की आमच्याकडे म्हणतात, लागली. ब्रेकरशेजारच्या पानपट्टीवरून हमखास हाळी येते, "सर, लागली का?" आणि मी काच खाली करून सांगतो, "नाही लागली." हे मी पहिल्यांदा कधी म्हणालो ते आठवत नाही, पण नंतर ते शिंकेसारखं आपोआप यायला लागलं. सायलेन्सर मागे खडखडत येत असला तरी नाही लागली. स्टाफरूममध्ये नाही लागली, सोमेश्वरअप्पांना नाही लागली. शितल तर शेजारीच बसलेली असते. ती म्हणते, अहो, लागली. मी म्हणतो, आवाज आला, लागली नाही. आवाज येणं आणि लागणं ह्यात फरक आहे, हे मी तिला बरेचदा समजावून सांगितलं आहे. ज्याची स्वप्नं चार बोटांवर तरंगत असतात त्याला असले बारीक फरक करावे लागतात.

आता मुद्द्याकडे येतो. मुद्द्याकडे यायला मला आवडत नाही, म्हणून तर एवढं लिहिलं.

माझं मूळ ठिकाण वडमाळ तांडा. गोरेगावच्या रस्त्याला एक फाटा लागतो, तिथून अडीच किलोमीटर आत. तिथे माझी आई राहते, अनुसयाबाई. आम्ही तिला याडी म्हणतो. घरात आम्ही गोरमाटी बोलतो. इथे तिचं बोलणं मराठीत लिहितोय, त्यात तिचा अर्धा तिखटपणा गेला असं समजावं. मी पाचवीत असताना ह्याच वाटेने डोक्यावर माझी पेटी घेऊन ती मला गोरेगावच्या वसतिगृहात सोडायला आली होती. गाडी घेतली तेव्हापासून माझी एकच हाव होती. याडीला शेजारी बसवायचं आणि तिच्या दारात गाडी उभी करायची. पण वाट म्हणजे नुसते दगड आणि मधे ओढा. मी फाट्यावर मोहनसिंगच्या चहाच्या टपरीपाशी गाडी ठेवायचो आणि पायी घरी जायचो. तांड्याने माझी गाडी फक्त ऐकली होती.

तांड्याला रस्ता हवा होता तो वेगळ्या कारणाने. रस्ता झाला तर एस.टी. येणार होती. एस.टी. आली तर नायकांची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांची, नात प्रतिक्षा, जी दहावीला तालुक्यात चांगल्या गुणांनी पास होणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, ती गोरेगावला अकरावीत जाणार होती. नाही आली तर तिच्यासाठी स्थळं बघायची, असं तिच्या बापाने आधीच सांगून टाकलं होतं. अडीच किलोमीटर वाट, अर्धी ओढ्याकाठच्या झुडपातून, पोरगी एकटी कशी जाईल, हे त्याचं म्हणणं.

रस्ता मंजूर झाला आणि गुत्तेदाराने तो दोन महिन्यांत केलाही. त्यात आमचे नायक, नेमसिंगकाका, पंचाहत्तरीचे आणि ताकही फुंकून पिणारे. आधी दोनदा त्यांनी कागदावर अंगठा दिला होता आणि दोन्ही रस्ते एकेका पावसात वाहून गेले होते. तांड्याचं समाधानाचं पत्र हवं म्हणून खात्याचे इंजिनिअरसाहेब आले, तर नायक म्हणाले, आमच्या प्रेमदासची गाडी चार बोटांवर चालती. ती न लागता तांड्यात आली की रस्ता सपाट आहे असं आमी समजू, अन् मग सही देऊ. लागली तर जिथं लागली तिथं खोदून पुन्हा करायचं. इंजिनिअरसाहेब हसले आणि कबूल झाले. गुत्तेदारही हसला, पण थोडा उशिरा.

मला हे कळलं त्या दिवशी माझी छाती किती फुगली ते सांगत नाही. ज्या गाडीपायी नववी 'ब' मला सरपटवते, ती आता सरकारी कामाचं मोजमाप झाली होती. मी स्टाफरूममध्ये सहज म्हणून हे तीन वेळा सांगितलं. लतीफभाईंकडे जाऊन गाडीला पॉलिश करून आणलं. ते म्हणाले, "सर, संभालके. गाडी झूट नै बोलती." मला ते तेव्हा गाडीचं कौतुक वाटलं.

वैशाखातला रविवार होता. फाट्यावर सगळा तांडा जमलेला, पुढे डफडं, मागे बाया, त्यांच्या मागे साहेबांची जीप. याडी नवीन लुगडं नेसून पायी फाट्यापर्यंत आली, केवळ गाडीत बसून परत जाण्यासाठी. दोघींनी तिला धरून आत सोडलं. "मी बसले का पडले?" तिने विचारलं. मग पुढच्या काचेवर हात फिरवून म्हणाली, चांगली हाय. आयुष्यात मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत ते सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं.

दोन किलोमीटर गाडी लोण्यावरून गेल्यासारखी गेली. मग ओढा आला. तिथे नळाची मोरी होती, म्हणजे पाणी जायला सिमेंटचे मोठे नळ टाकून केलेला बुटका पूल, आणि लांबूनच मला तिचा उंचवटा दिसला. ओढा खोदून नळ खाली बसवायचे असतात. गुत्तेदाराने खोदलंच नव्हतं. नळ ओढ्यात तसेच ठेवून वरून मुरूम आणि काँक्रीट ओतलं होतं. पाणी उताराकडे जातं हे मी पंचवीस वर्षं पाचवीला शिकवतोय. नळाचं तोंड पाण्याच्या वर असेल तर पाणी बाजूची माती खाऊन वाट काढणार, हे कळायला मला पुस्तक उघडायची गरज नव्हती. मी गाडी तिरपी घातली. रस्ता अरुंद, पुरेशी तिरपी होईना. आणि गाडी लागली. नाकापासून शेपटीपर्यंत, सीटखालून, माझ्या माकडहाडापर्यंत लागली. पण डफडं जोरात होतं आणि लोक मागे होते.

याडीने माझ्याकडे बघितलं. "लागली न्हवं?"

"आवाज आला फक्त, याडी," मी म्हणालो.

ती पुढे बघायला लागली. आम्ही तांड्यात पोचलो. आमच्या दारात गाडी उभी राहिली, पोरं काचांना चिकटली, कुणीतरी गुलाल टाकला. नेमसिंगकाका काठीवर वाकले, आणखी वाकले, आणि खिडकीतून मला विचारलं, "लागली का?"

मला खरं बोलता आलं असतं. एक शब्द होता. मोरी खोदली असती, आठ-पंधरा दिवस लागले असते, गुत्तेदार चार शिव्या घालून गेला असता. पण चाळीस जण बघत होते, याडी नव्या लुगड्यात शेजारी बसली होती, गाडी तिच्या दारात होती, आणि ते दोन शब्द माझ्या तोंडात नेहमी तयारच असतात.

"नाही लागली," मी म्हणालो.

नायक लगेच सरळ झाले नाहीत. त्यांनी पलीकडे बघून विचारलं, अनुसया, तुला काय आवाज आला? याडीचे कान अजून इतके तिखट आहेत की शेजारच्या घरात कुणी साखर चोरून खाल्ली तरी तिला कळतं. ती म्हणाली, "मला कुठं काय ऐकू येतं." मग तिने उतरण्यासाठी हात पुढे केला, पण माझ्याकडे नाही, पलीकडच्या बाईकडे.

समाधानाचं पत्र जीपच्या बॉनेटवर ठेवून लिहून झालं. 'वाहन विनाअडथळा तांड्यात आले' असं वाक्य साहेबांनी मला विचारून घातलं. 'विनाअडथळा' जोडून लिहायचं हे मीच सांगितलं. खाली नायकांचा अंगठा, आणि साक्षीदार म्हणून माझी सही, पूर्ण नावाने, खाली दोन रेघा मारून. एका स्थानिक पेपरात फोटो आला. त्यात गाडी दिसत नाही, कारण समोर उभ्या असलेल्या लोकांच्या गुडघ्यांमागे ती पूर्ण झाकली गेली आहे.

शाळा सुरू झाल्या तशी एस.टी. आली. प्रतिक्षा अकरावीत जायला लागली. एक्केचाळीस दिवस एस.टी. आली, हा आकडा प्रतिक्षाने सांगितलेला आहे. मग श्रावणात सलग तीन दिवस पाऊस झाला, पाण्याला नळाचं तोंड सापडलं नाही, आणि पाचवीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ते बाजूने गेलं. मोरीच्या अलीकडचा भराव गेला, वरचं काँक्रीट मोडून खाली बसलं. एस.टी. फाट्यावरून परत जायला लागली. प्रतिक्षा आठवडाभर मोरीच्या नळांवरून चालत गेली, मग बापाने जाऊ दिलं नाही. महिन्याच्या आत पाहुणे येऊन पोहे खाऊन गेले.

नायक आणि मी खात्यात गेलो. मीच म्हणालो जाऊ या, शिकलेला माणूस बरोबर असलेला बरा. तीन टेबलं फिरून आम्ही योग्य टेबलाशी पोचलो. तिथल्या बाईंनी शांतपणे फाईल काढली, उघडली आणि माझ्याकडे फिरवली. विनाअडथळा आले म्हणता, तांडा समाधानी आहे म्हणता, मग दोष कसला, त्यांनी विचारलं. आणि ही सही कोणाची आहे. सहीखालच्या दोन रेघा फार सुबक आल्या होत्या.

परतीच्या जीपमधून मोहनसिंगच्या टपरीपाशी उतरताना नायकांनी विचारलं, "प्रेमदास, त्या दिवशी लागली व्हती का?"

आता खोटं बोलण्यात काही मिळणार नव्हतं. खरं बोलण्यातही नव्हतं. "आवाज आला होता, काका," मी म्हणालो.

"आवाज आला व्हता," नायक म्हणाले, आणि चहा न घेता निघून गेले. आमच्या तांड्यात चहा नाकारणं हा छोटा अपमान नाही, आणि मला तो पूर्ण पोचला.

पोळा झाल्यावर आठवड्याने याडीच्या डोळ्याच्या तपासणीची तारीख होती. मी गाडी घेऊन मोरीपर्यंत गेलो. पुढे रस्ताच नव्हता. पलीकडून नायक आणि प्रतिक्षा याडीला धरून आणत होते. प्रतिक्षाने माझ्याकडे बघितलं नाही. मोडलेल्या काँक्रीटवर शेवाळ धरलं होतं. प्रतिक्षाच्या हातातून याडीचा हात सुटला आणि याडी माझ्या डोळ्यांदेखत नळावरून घसरून खाली चिखलात बसली, डावा हात अंगाखाली.

"याडी, लागलं का?" मी ओरडलो.

आधी तिने पदर सारखा केला, मनगट पदरात गुंडाळलं, नायकांकडे बघितलं, प्रतिक्षाकडे बघितलं, आणि मग वर माझ्याकडे. चेहरा पांढरा पडला होता.

"न्हाई लागलं," ती म्हणाली. अगदी माझ्या आवाजात.

तिला माझ्या गाडीत बसवायचा प्रयत्न केला, पण एवढं खाली वाकताना ती पहिल्यांदा कण्हली, म्हणून फोन केल्यावर मोहनसिंगने फाट्यावरून आपली ऑटो आणली. मी मागून निघालो. एकोणीस ब्रेकर मी तिरपे घातले. हिंगोलीच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तिचा एक्स-रे काढून झाला होता आणि शितल तिच्या उशाशी उभी होती. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "आजी, कधी लागलं?"

"वैशाखात," याडी म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आजी, सूज तर आजची दिसते, ते म्हणाले.

"आवाज आज आला," याडी म्हणाली. "लागलं वैशाखात."

वयाने होतं असं, अशा अर्थाची मान डॉक्टरांनी हलवली आणि कागदावर आजची तारीख घातली. शितल माझ्याकडे बघत होती. मी काहीच दुरुस्त केलं नाही. मग त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि नातेवाइकाची सही कुठे करायची त्या जागेवर बोट ठेवलं. मी सही केली. खाली रेघा मारल्या नाहीत.